मंदीत नोकरी गेली, तीन महिन्यांत सव्वादोनशे अर्ज केले, पण बोलावणी येत नाहीत. काय चुकत असेल?

तुमची परिस्थिती मला समजली ती अशी: कपातीत नोकरी गेली, तीन महिने झाले, २२५ अर्ज केलेत, तेही सगळे नोकरीच्या पोर्टलवरून, पाच फोन आले, मुलाखत एकच झाली. पाच महिने पुरतील एवढे पैसे आहेत. आता अर्ज दुप्पट करावेत का, कमी पगाराचे मिळेल ते काम धरावे का आणि तोवर दिवस कसा घालवायचा, असे तुम्ही विचारताय.

अर्ज वाढवू नका. २२५ अर्जांत पाच फोन याचा अर्थ तुम्ही मुलाखतीत नापास होताय असा नाही, कारण मुलाखतीपर्यंत तुम्ही जवळजवळ पोचतच नाही. तुमचा कागद योग्य माणसाच्या नजरेखालून जात नाहीये. त्याच वाटेने ४५० पाठवलेत तर दहा फोन येतील आणि उरलीसुरली उमेद संपेल. कमी पगाराच्या प्रश्नाचे उत्तर मात्र पैशांच्या हिशोबावर ठरते, म्हणून आधी तो हिशोब बघू.

‘पाच महिने’ हा आकडा पुन्हा काढा. शिल्लक भागिले महिन्याचा खर्च, एवढ्यावर बहुतेक जण थांबतात. त्यात वर्षातून एकदाच येणारे खर्च सुटतात: विम्याचे हप्ते, फी, कर, वाहनाची मोठी दुरुस्ती. मागच्या बारा महिन्यांचे बँक स्टेटमेंट काढा, अशा खर्चांची बेरीज करा, बाराने भागा आणि मासिक खर्चात मिळवा. समजा शिल्लक ५०० आणि महिन्याचा खर्च १००. वरकरणी पाच महिने. वार्षिक खर्चाचे १२ मिळवले की ११२ होतात, म्हणजे साडेचार महिनेसुद्धा जेमतेम. आता बंद करता येण्यासारखे सगळे बंद करून खर्च ७५ वर आणला, तर साडेसहा महिन्यांहून थोडे जास्त मिळतात. काटकसरीतून मिळालेले हे दोन महिनेच पुढे चांगली नोकरी निवडायची मुभा देतात. म्हणून काटकसर पहिल्या आठवड्यातच सुरू व्हायला हवी, पैसे संपत आल्यावर नाही.

याच हिशोबातून एक तारीख ठरवा: ज्या दिवशी तीन महिन्यांचे पैसे उरतील तो दिवस. त्या दिवसापासून तात्पुरते, कंत्राटी, कमी पगाराचे कामही घ्यायचे. तीनच महिने का? कारण पहिला फोन, दोन-तीन फेऱ्या, कागदपत्रांची पडताळणी, रुजू होणे आणि पहिला पगार खात्यात पडणे, यात दोन-अडीच महिने सहज जातात. एक महिन्याचे पैसे उरल्यावर जागे झालात तर नोकरी मिळूनही उधारी करावी लागते. आणि तारीख आधीच ठरलेली असली की रोज सकाळी ‘आता काहीही धरावे का?’ या प्रश्नाशी झगडावे लागत नाही.

कर्जाचा हप्ता चुकणार असे दिसत असेल, तर चुकण्यापूर्वी बँकेशी बोला. तोपर्यंत तुमची नोंद स्वच्छ असते, त्यामुळे मुदत वाढवणे किंवा हप्ता कमी करणे यावर बोलणी होऊ शकतात. चुकल्यावर तेच बोलणे वसुली विभागाशी करावे लागते. नोकरी जाताना एकरकमी पैसे मिळाले असतील, तर ते मोठ्या कर्जात भरून मोकळे होऊ नका. भरलेले पैसे अडचणीत परत मिळत नाहीत. क्रेडिट कार्डाची थकबाकी हा अपवाद, तिचे व्याज इतके चढे असते की ती आधी मिटवलेली बरी. आरोग्य विमा कंपनीकडून होता का तेही बघा. तो साधारणपणे नोकरीबरोबर संपतो आणि मध्ये खंड पडला की नव्या पॉलिसीत जुन्या आजारांसाठी पुन्हा थांबावे लागू शकते.

हे उत्तर वाचणाऱ्यांपैकी कोणाला नुकतेच कमी केले असेल, त्यांच्यासाठी एक गोष्ट. ‘राजीनामा द्या, रेकॉर्ड चांगले राहील’ असे सांगितले तर तिथल्या तिथे सही करू नका. कागद घरी आणा, दोन दिवस मागा. स्वतःहून सोडले आणि कंपनीने कमी केले, या दोन गोष्टींवर भरपाई, बेकारी भत्ता आणि विम्याचे दावे अवलंबून असू शकतात. अनुभवपत्र, पगाराच्या पावत्या आणि वरिष्ठांचे लेखी शिफारसपत्र शेवटच्या दिवसाच्या आत घ्या, कारण कपातीच्या पुढच्या फेरीत कदाचित ते वरिष्ठही तिथे नसतील.

आता मूळ दुखण्याकडे.

मंदीत जाहिरात दिसते, पण जागा असतेच असे नाही. भरती गोठवली तरी जुनी जाहिरात तशीच राहते. काही जाहिराती पुढेमागे लागतील म्हणून नावे गोळा करायला ठेवलेल्या असतात. आणि खरी जागा असली तर पहिल्या दोन-तीन दिवसांतच अर्जांचा पूर येतो. रिक्रूटर सगळे वाचत नाही. बरे वाटणारे दहा-पंधरा मिळाले की वाचणे थांबते. म्हणून तीन आठवड्यांपूर्वीच्या जाहिरातीला केलेला अर्ज जवळजवळ वाया जातो. पहिल्या तीन दिवसांतल्या जाहिरातींनाच अर्ज करा, आणि तीच जागा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आहे ना ते आधी तपासा.

‘कंपन्यांचे अर्ज चाळणारे सॉफ्टवेअर रेझ्युमे नाकारते’ ही भीती सगळीकडे ऐकू येते. बऱ्याचदा नाकारले जाते ते अर्जातल्या छोट्या प्रश्नांमुळे: किती वर्षांचा अनुभव, कधी रुजू होऊ शकता, कुठे राहता, अपेक्षित पगार किती. ते घाईत भरू नका. पगाराची चौकट रिकामी ठेवता येत असेल तर ठेवा. बाकी सॉफ्टवेअरचा त्रास इतकाच की दोन रकाने, तक्ते, फोटो, चिन्हे असलेला रेझ्युमे त्याला नीट वाचता येत नाही. याची परीक्षा दोन मिनिटांची आहे. पीडीएफ उघडा, सगळा मजकूर निवडा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. क्रम उलटसुलट झाला, कंपनीचे नाव एकीकडे आणि वर्षे दुसरीकडे गेली, तर समोरच्याच्या पडद्यावरही तसाच गोंधळ दिसत असणार. एकाच रकान्यात साधा रेझ्युमे करा.

मजकुरातली नेहमीची चूक म्हणजे काम काय होते ते लिहिणे आणि कामातून काय झाले ते न लिहिणे. ‘पुरवठादारांशी समन्वय साधला’ या ओळीतून काहीच कळत नाही. ‘१४ पुरवठादारांची बिले ९ दिवसांऐवजी ४ दिवसांत मिटू लागली’ ही ओळ थांबून वाचली जाते. मंदीत ज्या जागा खरोखर भरतात त्या बहुधा तीन प्रकारच्या असतात: पैसे आणणाऱ्या, पैसे वाचवणाऱ्या आणि ज्यांच्यावाचून काम अडते अशा. तुमच्या मागच्या कामातला वसुलीचा, खर्चकपातीचा, देखभालीचा किंवा नियमपालनाचा भाग पहिल्या तीन ओळींत आणा, मग तो तुमच्या कामाचा पाव हिस्सा असला तरी चालेल. आकडा मात्र खरा हवा. मुलाखतीत त्यावर पहिला प्रश्न येतो.

यापुढे वीस-वीस अर्जांच्या तुकड्या करा आणि वहीत सहा रकाने आखा: तारीख, कंपनी, पद, कोणत्या वाटेने गेला, रेझ्युमेची कोणती आवृत्ती, पुढे काय झाले. एका तुकडीत एकच गोष्ट बदला. फोनच येत नसतील तर दोष रेझ्युमेचा, वाटेचा किंवा निवडलेल्या पदांचा. फोन येऊन तिथेच संपत असेल तर बहुधा पगाराचा आकडा किंवा नोकरी का गेली याचे लांबलेले उत्तर. शेवटच्या फेरीपर्यंत जाऊन हुकत असेल तर तुमची तयारी चांगली आहे, दुसरा कोणी थोडा जास्त जुळतोय इतकेच, आणि तेव्हा काहीही बदलू नये. सगळे एकदम बदलणारा माणूस कशाने फरक पडला हे कधीच सांगू शकत नाही.

सगळ्यात मोठा बदल ‘कोणत्या वाटेने’ या रकान्यात हवा. तुमचे २२५ च्या २२५ अर्ज पोर्टलवरून गेलेत. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली एक अभ्यास मांडला. ओळखीतून नवे काम मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारले, ती ओळखीची व्यक्ती तुम्हाला कितीदा भेटायची? नेहमी भेटणाऱ्यांकडून काम मिळालेले १६.७ टक्के निघाले, अधूनमधून भेटणाऱ्यांकडून ५५.६ आणि क्वचित भेटणाऱ्यांकडून २७.८ टक्के. कारण साधे आहे. जवळच्या मित्रांना जे माहीत असते ते तुम्हालाही माहीत असतेच. थोडा दूरचा माणूस दुसऱ्याच वर्तुळात वावरतो, तिथल्या जागेची कुणकुण त्याला आधी लागते. लिंक्डइनच्या दोन कोटी सदस्यांवरचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही मध्यम दूरच्या ओळखी सगळ्यात उपयोगी ठरल्या.

तेव्हा चाळीस नावांची यादी करा: जुने सहकारी, तुमच्या आधी कंपनी सोडून गेलेले, पुरवठादार, ग्राहकांकडची माणसे, कॉलेजातले वरच्या-खालच्या वर्गातले. रोज चौघांना लिहा. ‘कुठे काही असेल तर सांगा’ असे लिहू नका. त्यावर लोक ‘नक्की’ म्हणतात आणि विसरतात, त्यात त्यांचा दोष नाही, त्यांना नेमके काय करायचे तेच कळलेले नसते. असे लिहा: ‘नमस्कार. आपण अमुक प्रकल्पावर एकत्र होतो. मार्चमध्ये आमचा विभाग बंद झाला, त्यात माझी जागा गेली. मी खरेदी आणि पुरवठा नियोजनातले काम शोधतोय. तुमच्या कंपनीत हा विभाग कोण बघते, आणि सध्या तिथे भरती सुरू आहे का, एवढे सांगू शकाल का?’ याला उत्तर द्यायला एक मिनिट लागते. आठवड्याने एकदा आठवण करा, त्यानंतर नाही. हे लिहिताना संकोच वाटतो, मला कल्पना आहे. पण मंदीत नोकरी जाणे ही लपवायची गोष्ट नाही, आणि ज्यांना कळवलेच नाही ते मदत करू शकत नाहीत.

नोकरी का गेली, याला दोन वाक्ये पुरतात: विभाग बंद झाला, इतक्या जागा गेल्या, त्यात माझी होती. लगेच पुढचे वाक्य समोरच्या कामाबद्दल. जुन्या कंपनीवरचा राग कितीही रास्त असला तरी इथे नको. रिकाम्या महिन्यांची भीती तुम्हाला वाटते त्यापेक्षा कमी ठेवा. क्रॉफ्ट, लांगे आणि नोटोविडिग्डो या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेत सुमारे १२,००० काल्पनिक रेझ्युमे पाठवून पाहिले; प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. बेकारीचा काळ वाढतो तशी बोलावणी घटतात हे खरे, आणि ही घट मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांतच होते. पण जिथे मुळातच बेकारी जास्त होती तिथे ही घट कमी होती. वाईट काळात मालक लोक दोष माणसाला कमी आणि काळाला जास्त देतात, असा त्याचा अर्थ. तुम्हाला तर तीनच महिने झालेत. एखादे छोटे कंत्राटी काम मध्ये घेतलेत तर तेही तारखेसह रेझ्युमेत टाका.

कमी पगाराचे काम तुमच्या तारखेआधी आले तर लगेच हो किंवा नाही म्हणू नका. जागा नवी आहे की कोणी सोडून गेल्याची? सोडून गेल्याची असेल तर का गेला? पगार वेळेवर होतात का, हे तिथल्या एखाद्या माणसाला विचारा. पगार वाढत नसेल तर सहा महिन्यांनी फेरविचार करण्याची अट लेखी मागा. तोंडी आश्वासन त्या व्यवस्थापकाबरोबर निघून जाते. प्रशिक्षण, नोंदणी, लॅपटॉप अशा कोणत्याही नावाखाली तुमच्याकडून पैसे मागणारा मालक नसतो, ठग असतो. शंका आली तर त्यांनी दिलेल्या नंबरवर नको, कंपनीच्या संकेतस्थळावरच्या नंबरवर फोन करा.

दिवस कसा घालवायचा हेही तुमच्या प्रश्नाच्या शेवटी आहे, आणि ते कमी महत्त्वाचे नाही. ऑस्ट्रियातल्या मारिएंथाल गावातली गिरणी बंद पडल्यावर संशोधकांनी तिथे पाहणी केली, ती १९३३ मध्ये छापली गेली. लोकांकडे वेळच वेळ होता, वाचनालयाची फी माफ केली होती, तरी पुस्तके नेणे कमी झाले आणि माणसे रस्त्याने हळू चालू लागली. रिकामा वेळ आपोआप विश्रांती होत नाही. म्हणून शोधाला ठरावीक चार तास द्या, तेही सकाळी, आणि त्यानंतर पोर्टल बंद. घरच्यांना ‘बघू’ म्हणण्याऐवजी वरचा हिशोब आणि ती तारीख दाखवा. त्यांची भीती बरीचशी अंधारातली असते. दोन आठवडे सलग झोप लागत नसेल किंवा जगावेसे वाटत नसेल, तर थांबू नका, डॉक्टरकडे जा.

आणि ऑफर लेटर हातात आले तरी बाकीची बोलणी लगेच तोडू नका. मंदीत दिलेली ऑफर मागे घेतली जाते, रुजू व्हायची तारीख पुढे ढकलली जाते. कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत वहीतले सहा रकाने भरत राहा.