नव्याने विश्वासात आलेल्या व्यक्तीने शिस्तीत आणि देवावरील भरवशात कसे वाढावे?

पहाटेची प्रार्थना चुकली की देव दिवसभर आपल्यावर नाराज आहे असे वाटते, असे तुम्ही प्रश्नात लिहिले आहे. ही भीती तुमच्या मनात कोणीतरी घातली आहे, कारण केवळ शुभवर्तमान वाचून ती निर्माण होत नाही.

माझा बाप्तिस्मा होऊन फार काळ लोटला नव्हता, तेव्हा आई अंथरुणाला खिळली. रात्र तिच्या उशाशी जायची आणि पहाटे कुठे माझा डोळा लागायचा, त्यामुळे नेमाने चाललेले वचनवाचन आणि प्रार्थना दोन्ही मागे पडले. मंडळीतील एक ज्येष्ठ बंधू भेटीला आले, तिच्यासाठी प्रार्थना केली आणि दाराबाहेर येताच मला म्हणाले, "तुमची प्रार्थनेची वेदी मोडली आहे, म्हणून उत्तर येत नाही." आतून आई कूस बदलून देण्यासाठी हाक मारत होती. त्या रात्री तिने मला स्तोत्र 88 वाचायला सांगितले. हे स्तोत्र अंधाराच्या उल्लेखावरच संपते. इतर बहुतेक विलापस्तोत्रांप्रमाणे शेवटी स्तुतीकडे वळत नाही. मी घाईने पुढचे स्तोत्र काढू लागलो, तेव्हा तिने पानावर हात ठेवला आणि म्हणाली, "राहू दे. हेही त्यालाच सांगितले आहे ना?" काही दिवसांनी ती प्रभूकडे गेली. तक्रारसुद्धा देवाकडेच घेऊन जाणे म्हणजे भरवसा, हे मी तिच्याकडून शिकलो, आणि यापेक्षा चांगली व्याख्या मला अजून मिळालेली नाही.

सवयीबद्दल थोडक्यात सांगतो. मार्कापासून सुरुवात करा, कारण चार शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान, 16 अध्यायांचे आहे. सोबत रोज एक स्तोत्र मोठ्याने वाचा. शब्द सुचत नसतील तेव्हा प्रभूने शिकवलेली प्रार्थना पुरेशी आहे. वेळ ठरलेली असावी, मात्र ती पहाटेचीच हवी असे नाही: येशू पहाटे अंधारातच एकांती गेला, तर त्याचा शिष्य पेत्र भर दुपारी प्रार्थनेसाठी घराच्या धाब्यावर चढला.

शिस्त नको, असे मी म्हणत नाही. त्या आजारपणात जी वचने मला तोंडपाठ होती, ती आधीच्या नेमाच्या वाचनामुळेच होती. मंडळीही सोडू नका; मार्क 2 मधील पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून आणले आणि येशूने त्यांचा विश्वास पाहिला. परंतु आजारी माणसाच्या दारात उभे राहून घरच्यांच्या प्रार्थनेचा हिशेब मागणारा माणूस, दुःखात पडलेल्या ईयोबालाच दोष देणाऱ्या त्याच्या मित्रांच्या पंक्तीत बसतो, आणि त्या मित्रांवर देवाचा कोप झाला असे शास्त्रच सांगते.

तुम्हालाही असे कोणी म्हणाले, तर मार्क 9 उघडा. तेथे अशुद्ध आत्म्याने पछाडलेल्या मुलाचा बाप आपला अविश्वास उघड कबूल करतो, साहाय्य मागतो आणि तरीही त्याचा मुलगा बरा होतो. त्यावर समोरची व्यक्ती त्याच अध्यायातील 29 व्या वचनाकडे, म्हणजे अशा आत्म्यांची ही जात प्रार्थनेवाचून निघत नाही या येशूच्या वाक्याकडे, बोट दाखवील. माझ्यासमोरही ते दाखवले गेले होते. ते उत्तर येशूने घरात गेल्यावर शिष्यांना दिले, त्या बापाला नव्हे.