एजंटला पैसे कोण देतं, ते विचारलंत का?

लंडनजवळच्या स्लाऊहून एका ताईंचं पत्र आहे. "धाकट्या दिरांचा मुलगा सप्टेंबरमध्ये एमएस्सीला येतोय. प्रवेश मिळवून देणाऱ्या एजंटनं एक रुपया घेतला नाही, वर स्कॉलरशिप मिळवून दिली. सांगलीचा फ्लॅट तारण ठेवलाय. मी शंका काढली तर दीर म्हणाले, 'वहिनी, तुमचं बस्तान बसलं, आता आमच्या वेळी खोडा का?' त्याला आमच्याकडे ठेवायचं का, तेही कळत नाही. आणि माझी मुलगी मराठी बोलत नाही, ती काळजी वेगळीच."

ताई, हे मनाला लागणारच. पण त्यावर तुम्ही गप्प बसलात, ते मला पटलं नाही. एजंट फुकट राबत नाही. त्याचं कमिशन विद्यापीठ देतं, मुलाच्या फीमधूनच. मग जिथून कमिशन मिळतं तीच नावं त्याच्या यादीत येणार.

विद्यापीठांची गरजही बघा. इंग्लंडमध्ये इथल्या मुलांच्या पदवीच्या फीला सरकारी मर्यादा आहे. 2017 पासून ती 9,250 पौंडांवर अडकली होती, 2025 मध्ये कुठे 9,535 झाली. एवढ्या वर्षांत महागाई किती वाढली, ते घर चालवणाऱ्या तुम्हाला मी काय सांगू! परदेशी मुलांच्या फीला मात्र मर्यादाच नाही. इथल्या मुलांना शिकवण्यातली आणि संशोधनातली तूट त्यातून भरून काढतात. जानेवारी 2024 पासून एमएस्सीवाल्यांना जोडीदार आणायला बंदी झाली, अर्ज घटले आणि कित्येक विद्यापीठांत नोकरकपात सुरू झाली. इतका हा पैसा त्यांना लागतो. स्कॉलरशिप म्हणून मिळणारी फीतली सूटसुद्धा अनेक ठिकाणी सरसकट मिळते, तिला हुशारीची पावती समजू नका.

माझ्या भाचीच्या वेळी मी एजंटची यादी मागवून पाहिली. तिच्या विषयात नावाजलेलं विद्यापीठ त्यात नव्हतंच. तिनं तिथे स्वतः अर्ज केला, वर्षभर थांबावं लागलं, पण आज त्याच विषयात नोकरी करतेय.

तेव्हा दिरांना फोन करा, भावजींशी बोलायला कसला संकोच? फी, राहणं-खाणं, व्हिसासोबत भरायचा वर्षाला 776 पौंड आरोग्य अधिभार, सगळं मांडा. कॉलेज चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करता येतं, त्यातून फी निघत नाही. 2027 पासून शिक्षणानंतर इथे राहून नोकरी करू देणारा ग्रॅज्युएट व्हिसाही दोनऐवजी दीडच वर्षाचा होतोय. तेवढ्यात पुढच्या व्हिसासाठी स्पॉन्सर करणारी नोकरी मिळाली नाही तर फ्लॅटचा हप्ता कोण भरणार, हे त्यांच्या तोंडून वदवून घ्या.

त्याला घरी ठेवायचं का? पहिला महिना ठेवा, मग कॉलेजजवळ खोली बघू द्या. मुलीच्या मराठीची काळजी सध्या सोडा, दादा आला की बोलायला लागेल.