दोनच येळेला जेवते, तरी वजन वाढायलंय

“मॅडम, मी दिवसाला दोनच येळेला जेवते. सोमवार, गुरुवार उपास. तरी वजन वाढायलंय. पाणी पिलं तरी अंगाला लागायलंय बघा.”

आहाराचा सल्ला घ्यायला आलेल्या लातूरच्या एका ताईंचं हे पहिलं वाक्य. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वय ४३, उंची १५५ सेंटीमीटर, वजन ७४ किलो, कंबर ९८ सेंटीमीटर. थायरॉईडची तपासणी ठीक होती. तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ६.१ टक्के, म्हणजे मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. गुडघे दुखतात, म्हणून पळणं, उड्या, झुंबा काही जमणार नाही. आधी दोनदा ‘डाएट’ केलं होतं. एकदा नुसती फळं आणि सूप, एकदा रात्रीचं जेवण बंद. दोन्ही वेळा चार-पाच किलो उतरले आणि सहा महिन्यांत व्याजासकट परत आले.

दोन वेळा जेवते हे त्या खोटं सांगत नव्हत्या. ताटावर बसणं दोनदाच होतं. तोंडात जाणं किती वेळा होतं, याचा हिशेब त्यांच्याकडे नव्हता, आणि तो कुणाकडेच नसतो. म्हणून पहिल्या भेटीत पथ्याचा कागद दिला नाही. एक वही दिली. पाच दिवस, त्यात एक उपवासाचा आणि एक रविवार. खाल्लं की लगेच लिहायचं, रात्री आठवून नाही. आणि शेजारी एकच आकडा: खाण्याआधी भूक किती होती, ० ते १०.

वही आली तेव्हा दुखणं त्या भुकेच्या आकड्यांतच सापडलं. सकाळी साडेसहाला चहा, नऊला चहा, अकराला चहा. पहिला घास दुपारी एकला, तेव्हा भूक ८. मग दोन भाकरी, पातळ वरण, भाजी. संध्याकाळी सातला भूक पुन्हा ९, कारण मालक दुकानातून रात्री दहाला येतात आणि त्यांच्या आधी जेवायचं नाही हा घरचा रिवाज. मग डब्यातले शेंगदाणे आणि गुळाचा खडा, उभ्याउभ्या, ‘नुसते चार दाणे’. एकदा घरी वजनकाट्यावर ठेवून बघायला सांगितलं, तर ते चार दाणे ६० ग्रॅम भरले. म्हणजे जवळपास ३४० कॅलरी, दीड-पावणेदोन भाकरींएवढ्या. वर मुलांच्या ताटातली उरलेली अर्धी पोळी आणि भात. “टाकवत नाही हो,” म्हणाल्या. अन्न टाकू नये हे खरं. पण त्यावर उपाय भाकरी मोजून थापणं हा आहे, आणि एखादी उरलीच तर सकाळी तिचे कुटके करणं. आईचं पोट हे उरल्यासुरल्याचं भांडं नाही.

भूक ८-९ वर गेली की निर्धार चालत नाही. तो शरीराचा स्वभाव आहे, त्यात आळशीपणाचा संबंध नाही. त्यामुळे या ताईंना ‘कमी खा’ सांगणं म्हणजे आगीत तेल. त्यांना सकाळी जास्त खायला लावायचं होतं, आणि भूक ६ च्या वर जाऊच द्यायची नव्हती.

सकाळी नऊच्या आत न्याहारी, आणि तीही प्रथिनांची. ५० ग्रॅम मूगडाळ रात्री भिजवून वाटली की दोन धिरडी होतात, त्यातून १२ ग्रॅम प्रथिनं मिळतात. एक दिवस धिरडी, एक दिवस मटकीची उसळ आणि एक भाकरी, एक दिवस सुशीला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा उपमा. पण सुशीला नुसत्या मुरमुऱ्यांचा केला की तासाभरात पोट रिकामं. त्यात वाटीभर मोड आलेली मटकी वाफवून घालायची. पोहे-उपम्यालाही हाच नियम. अंडी खाणाऱ्यांना दोन उकडलेली अंडी हा सगळ्यात सोपा मार्ग, पण हे घर माळकरी.

दुपारच्या ताटात वाढणीचा क्रम बदलला. आधी वाटीभर काकडी, मुळा, गाजर किंवा पातीचा कांदा. मग पालेभाजी किंवा फळभाजी मोठी वाटीभर. मग वरण. भाकरी दीड. घाईघाईने पाच मिनिटांत जेवण उरकणाऱ्याला पोट भरल्याचं कळायच्या आत तिसरी भाकरी वाढलेली असते, म्हणून जेवणाला वीस मिनिटं द्यायची.

वरणाबद्दल थोडं रागावून सांगावं लागतं. तुरीच्या डाळमिलांचं हे शहर, आणि घराघरात वरण असं की तळ दिसावा. चौघांना मिळून मूठभर डाळ आणि तांब्याभर पाणी. माणशी ३० ग्रॅम कोरडी डाळ, म्हणजे चौघांना १२० ग्रॅम, एवढी पडली तर वाटीभर घट्ट वरणातून प्रत्येकाला ६-७ ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि भूक चार तास गप्प बसते. त्यांच्या वजनाच्या बाईला दिवसाला ५५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत. वहीत ती ३५ च्या वर जात नव्हती. प्रथिनं कमी पडली की वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि मागच्या दोन्ही ‘डाएट’मध्ये नेमकं हेच झालं असणार. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचा हा आकडा डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.)

साडेपाचला मूठभर फुटाणे, ३० ग्रॅम, सालासकट, आणि ग्लासभर ताक. शेंगदाण्याचा डबा वरच्या फळीवर. शेंगदाणा वाईट नाही, चटणीत चमचाभर असावाच. पण भुकेच्या वेळी डब्यात हात घालून खायची ती वस्तू नव्हे.

रात्रीच्या जेवणाचा प्रश्न स्वयंपाकघरातला नव्हता. आठला मुलांबरोबर जेवायचं म्हटल्यावर त्या गप्प झाल्या. सासूबाई काय म्हणतील? पुढच्या भेटीला मालकांनाही बोलावलं. ते आल्या आल्या म्हणाले, “मी कधी म्हणलो का थांब म्हणून?” पंधरा वर्षं कुणी विचारलं नव्हतं आणि कुणी सांगितलं नव्हतं. आता त्या आठला एक भाकरी, उसळ किंवा पिठलं, भाजी खातात, आणि दहाला मालकांच्या ताटाशी बसतात, हातात ताकाचा ग्लास. या एका बदलाने जे साधलं ते वहीतल्या कोणत्याच तक्त्याने साधलं नसतं.

तेलाचा हिशेब मात्र तक्त्यानेच कळतो. “तेल आम्ही कमीच खातो,” असं प्रत्येक घर म्हणतं. विचारायचं ते असं: १५ किलोचा डबा किती दिवस पुरतो? त्यांच्याकडे चौघांत अडीच महिने. म्हणजे माणशी रोज ५० ग्रॅम, ४५० कॅलरी, नुसत्या तेलाच्या. निम्म्यावर आणायचं ठरलं: चौघांना महिन्याला तीन किलो. रोज सकाळी १०० ग्रॅम तेल एका स्टीलच्या वाटीत काढायचं आणि दिवसभराचा स्वयंपाक त्यातच भागवायचा. बरणीतून थेट कढईत ओतायचं नाही. तेल करडईचं असो की सोयाबीनचं, चहाच्या चमच्याला ४५ कॅलरीच. भाजीला तवंग नाही म्हणून घरात चार दिवस कुरकुर झाली. मग येसर उपयोगाला आला: भाजलेल्या धान्य-डाळीचं ते पीठ आमटीला दाटपणा आणि खमंगपणा देतं, तेलाची उणीव जाणवत नाही.

चहा पाचावरून तीन कप, साखर दोन चमच्यांवरून एक. रोजची ५० ग्रॅम साखर १५ वर आली. एकदम बंद केली असती तर आठवड्यात पुन्हा सुरू झाली असती. दर दहा दिवसांनी अर्धा चमचा कमी केला. सकाळचं मध-लिंबू-कोमट पाणी मात्र थांबवलं. त्याने चरबी वितळत नाही, आणि मोठा चमचाभर मधाच्या ६० कॅलरी उगाच वाढतात.

आता रोजच्या कॅलरींची बेरीज. तेलाचे सव्वादोनशे, साखरेचे एकशेचाळीस, दाण्यांऐवजी फुटाण्यांचे दोनशे तीस वाचले; न्याहारीचे अडीचशे वाढले. निव्वळ घट साडेतीनशेच्या आसपास. किलोभर चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात, त्यामुळे कागदावर महिन्याला सव्वा किलो. प्रत्यक्षात किलोच्या आत-बाहेर, कारण सण येतात, पाहुणे येतात, आणि वजन उतरलं की शरीराची गरजही थोडी घटते.

उपवास मोडायला सांगितला नाही. उपवासाचं ताट बदललं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. ७५ ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम दाण्याचा कूट आणि तीन चमचे तूप धरलं तर खिचडीची ताटली सव्वापाचशेच्या पुढे जाते, आणि प्रथिनं जी काय ती दाण्यांतली. त्या हे दिवसातून दोनदा खायच्या. आता दुपारी भगर थोडी, दही वाटीभर, काकडीची कोशिंबीर. संध्याकाळी राजगिऱ्याच्या लाह्या दुधात किंवा उकडलेलं रताळं. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी हा भाग वाचून उपवास ठरवू नये. काही गोळ्यांवर उपाशी राहिलं की साखर धोकादायक खाली जाते, आधी डॉक्टर.

व्यायाम म्हणाल तर प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालणं, तेही गल्लीत किंवा गच्चीवर. दिवसाची तीस मिनिटं होतात. त्याने शंभर-सव्वाशे कॅलरीच जळतात, एवढ्याने पोट उतरेल असं कुणाला सांगू नये. पण जेवणानंतरची साखर कमी चढते. शिवाय खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, सकाळ-संध्याकाळ, स्नायू टिकावेत म्हणून. गुडघा दुखला तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवायची.

बिघडलं कुठे? पहिल्या पंधरवड्यात १.६ किलो उतरलं आणि ताई खूश. ते बरंचसं पाणी असतं, हे तेव्हाच सांगितलं होतं. तिसऱ्या आठवड्यात काटा ७०० ग्रॅम वर गेला. “मॅडम, सगळं वाया गेलं.” पाळीच्या आधीचे दिवस होते, शरीर पाणी धरतं, किलो-दीड किलोचा फरक नुसता त्याने पडतो. त्यांना रोज काट्यावर उभं राहायची सवय होती, ती सोडवली. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, आणि तुलना मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी. कंबर महिन्यातून एकदा, बेंबीच्या पातळीवर टेपने.

दुसरा घोटाळा ज्वारीने केला. ‘भाकरीने वजन कमी होतं’ हे कुठेतरी ऐकून रात्री तीन भाकरी सुरू झाल्या. ६० ग्रॅम पिठाच्या भाकरीत २०० कॅलरी असतात. तिला तेल लागत नाही, चावून खावी लागते, हे तिचे गुण, जादू नाही.

सासूबाईंची तक्रार तोंडावरची होती: “चेहरा सुकायलाय पोरीचा.” ती खरी काळजी होती, म्हणून हसण्यावारी नेली नाही. झोप, थकवा, केस गळणं, पाळी विचारली. सगळं ठीक होतं. वजन महिन्याला तीन-चार किलोंनी कोसळत असतं, किंवा प्रयत्न न करता उतरत असतं, तर लगेच डॉक्टरांकडे पाठवलं असतं.

जूनमध्ये ७४. दिवाळीच्या महिन्यात काटा हलला नाही, फराळाच्या घरात तेवढंही पुष्कळ. डिसेंबरला ६८.९, कंबर ९१, साखरेची सरासरी ५.८.

तेवढ्यात फोन आला: “येळवस हाय, शेतात जायचंय. भज्जी खाऊ का नको?” येळवस म्हणजे वेळ अमावस्या, शेतात जाऊन पूजा आणि जेवण करायचा इकडचा सण. ओल्या तुरीचे, हरभऱ्याचे दाणे, पालेभाज्या, बेसन, असं ज्यात पडतं ती भज्जी, आणि ताकात शिजवलेलं ज्वारीचं आंबील. खा, दोन वाट्या खा. बाजरीचा उंडा (उकडलेला गोळा) एक. शेंगदाणे-गुळाची शेंगापोळी सगळ्यात शेवटी, एकच, आणि चार दिवस काट्याकडे फिरकायचं नाही. त्या दोन पोळ्या खाऊन आल्या, आणि दुसऱ्याच दिवशी काट्यावर चढल्या: किलोभर जास्त. पाचव्या दिवशी त्यातले ३०० ग्रॅमच उरले होते. पुढची भेट संक्रांतीनंतर ठरली आहे. तोवर उतरवायचं काही नाही, एकोणसत्तरच्या आसपास टिकवायचं.