आठवणी छान आहेत, पण पुढे काय होतं?

मागच्या अंकात मी चार ओळींत सांगितलं होतं, की बडोद्याच्या वीज मंडळात हिशेबाच्या टेबलावर नोकरी केली, साठी उलटल्यावर मुलाकडे कॅनडात गेले आणि तिथे कादंबऱ्या लिहायला लागले. त्यावर संपादकांनी पत्रांची ही थप्पी माझ्यापुढे टाकली. निम्मी पत्रं बडोद्यातली, निम्मी बडोदं सोडून गेलेल्यांची. बऱ्याच जणांनी ‘नाव नको’ असं लिहिलंय, म्हणून कुणाचंच छापलेलं नाही.

प्रश्न : वय 64. कारेलीबागेतलं घर भाड्याने देऊन दोन वर्षांपासून कॅनडात मिसिसागाला मुलाकडे असतो. जुन्या बडोद्यातल्या घडियाळी पोळ या गल्लीतल्या माझ्या लहानपणावर वह्या भरून लिहिलं आहे. वाडा, गणपती, सूरसागरची पाळ, आजोबांची संस्थानी नोकरी, सगळं आहे. घरात वाचून दाखवलं. सगळे छान म्हणाले, फक्त नातीने विचारलं, ‘पण आजोबा, पुढे काय होतं?’ काकू, याची कादंबरी होईल का?

नात हुशार आहे. तिला माझ्याकडून एक पेढा द्या.

भाऊ, तुमच्या वह्यांतली नमुन्याची पानं मी वाचली. त्यांत सगळं आहे, फक्त काही घडत नाही. वाड्यात आठ बिऱ्हाडं आहेत आणि आठही गुण्यागोविंदाने नांदतात. आजोबा करारी आहेत, आजी सोशिक आहे, दूधवालासुद्धा प्रामाणिक आहे! अशा वाड्यात राहायला कुणालाही आवडेल, पण त्याच्यावर तीनशे पानं कोण वाचणार? कादंबरीत कुणाला तरी काहीतरी हवं असतं आणि ते त्याला सरळ मिळत नाही. तिथून ‘पुढे काय’ सुरू होतं.

आणि मजा अशी, की तुमच्या पत्रात कादंबरी आहे. वह्यांत नाही, पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात. तुम्ही सहज लिहून गेलात, की मुलाने तुम्हाला कायमचं बोलावून घेताना सरकारला वीस वर्षांची हमी लिहून दिली आहे आणि तेव्हापासून त्याच्याकडे बसच्या पाससाठीसुद्धा पैसे मागवत नाहीत. इथल्या वाचकांसाठी सांगते. क्युबेक सोडून बाकी कॅनडात आईवडिलांना स्पॉन्सर करायचं तर 20 वर्षं त्यांच्या खर्चाची जबाबदारी घेतल्याची सही करावी लागते. म्हाताऱ्यांनी मधेच सरकारी मदत घेतली, तर ती मुलाकडून वसूल होते. तिथलं म्हातारपणाचं पेन्शन मिळायला किमान दहा वर्षं देशात राहिलेलं असावं लागतं. म्हणजे तुम्ही बहात्तरचे होईपर्यंत तुमचा स्वतःचा पैसा बडोद्याच्या बँकेत, आणि तुम्ही मिसिसागाच्या स्टॉपवर. सही मुलाने प्रेमापोटी केली, यात शंका नाही. पण घरात असा एक कागद आहे हे दोघांना माहीत आहे आणि दोघंही त्याच्याबद्दल बोलत नाहीत. भाऊ, ह्याच्यावर लिहा की!

मिसिसागाच्या मोठ्या मॉलमध्ये फेब्रुवारीत सकाळी जाऊन बघा. बाकांवर आपल्यासारखी माणसं रांगेने बसलेली असतात. मेहसाण्याची, जालंधरची, जाफन्याची. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ दहाच्या सुमारास यायचे आणि जाडा कोट काढून, बाह्या आत दुमडून, त्याची चौकोनी घडी मांडीवर ठेवायचे. सांगत, ‘फिरायला आलो.’ पुष्कळ दिवसांनी कळलं, की सून घरून काम करायची आणि मीटिंग चालू असताना यांचा खोकला ऐकू जायचा. तिने कधी ‘बाहेर जा’ म्हटलं नव्हतं. तिचा पहिला कॉल सुरू होण्याआधी हे आपणच बूट घालून निघायचे. जाताना दार इतकं हळू लावायचे, की ते नक्की कधी जातात हे तिलाही माहीत नव्हतं. माझी पहिली कादंबरी त्या कोटाच्या घडीवरून सुरू झाली.

अजून एक, आणि हे आपल्या वयाचं दुखणं आहे. साठीनंतर सगळ्यांच्या बाजू कळायला लागतात. मुलाचंही बरोबर, सुनेचंही बरोबर, सासूबाई तरी काय करणार बिचाऱ्या. घरात वागायला हे उत्तमच, पण कादंबरीचं त्याने वाटोळं होतं. तिशीतला लेखक बापावर दात धरून लिहितो. ते कच्चं असतं, पण जिवंत असतं. आपण लिहायला बसायच्या आधीच सगळ्यांना माफ करून मोकळे. तेव्हा माफी शेवटच्या प्रकरणापर्यंत राखून ठेवा. तुमच्या कादंबरीतल्या म्हाताऱ्याला चिडू द्या, खोटं बोलू द्या, मुलाच्या खिशातले वीस डॉलर काढू द्या. तुमचे आजोबासुद्धा संस्थानी नोकरीत कधीतरी कुणापुढे उगाच वाकले असतील. तो प्रसंग वहीत का नाही?

घडियाळी पोळ टाकून देऊ नका. ती म्हाताऱ्याला त्या बाकावर बसून आठवू द्या, पण जेव्हा त्याला काही ठरवायचं आहे आणि तो टाळतोय, नेमकी तेव्हाच. मग वाचक पोळही बघेल आणि ‘आता हा उठतो की नाही’ म्हणून पानही उलटेल.

प्रश्न : परदेशात आहोत तर इंग्रजीत लिहावं की मराठीत?

घरात ज्या भाषेत भांडता त्या भाषेत लिहा. इंग्रजीत बाजार मोठा आहे हे खरं, पण त्या बाजारात रांगही मोठी आहे. संवादांचं म्हणाल, तर बडोद्याच्या घरात भाजीवाल्याशी गुजराती, बायकोशी मराठी आणि व्हिडिओ कॉलवर नातवाशी इंग्रजी चालतं. तसंच कागदावर उतरवा. खाली अर्थ देत बसू नका, आपला वाचक समजून घेतो.

प्रश्न : माझं वय 66. बडोद्यातल्या वारसियाची, आता अमेरिकेत एडिसनला मुलीकडे. दोन नातवंडं माझ्यावर आहेत. लिहायला बसले की कुणीतरी रडतंच. शिवाय आता उशीर झाला असं वाटतं.

उशिराचं आधी बोलते. हॅरिएट डोअर नावाच्या एक अमेरिकन बाई होत्या. जन्म 1910 चा. नवऱ्याच्या घराण्याची तांब्याची खाण मेक्सिकोत होती, म्हणून तिथे जाऊन राहिल्या. नवरा गेल्यावर पुन्हा कॉलेजात गेल्या आणि 1977 ला पदवीधर झाल्या. पहिली कादंबरी आली 1984 ला, परक्या गावातल्या त्याच दिवसांवर बेतलेली, आणि पदार्पणाच्या कादंबरीसाठीचा अमेरिकेतला राष्ट्रीय पुरस्कार तिला मिळाला. वयाचा हिशेब तुम्हीच करा. एरवी मी अशी उदाहरणं देत नाही, कारण ती ऐकून दोन दिवस हुरूप येतो आणि तिसऱ्या दिवशी बाळाचं डायपर बदलायचंच असतं.

तेव्हा मुख्य अडचण वेळ. ताई, मुलीशी स्पष्ट बोला. नातवंडं सांभाळणं हे काम आहे आणि कामाला सुट्टी असते. ‘मला जरा वेळ हवा’ असं मोघम म्हणालात तर ती ‘हो आई’ म्हणेल आणि काहीच बदलणार नाही. ‘मंगळवार-गुरुवार दुपारी एक ते चार मी घरात नाही’ असं म्हणा आणि खरोखरच बाहेर पडा. लायब्ररीत जाऊन बसा. घरात राहून दार लावून लिहिता येईल या भ्रमात राहू नका, आजीच्या खोलीचं दार कुणी बंद मानत नाही. एडिसनहून रटगर्स विद्यापीठ जवळ आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या, निवृत्त आणि 62 च्या पुढच्या लोकांना तिथल्या वर्गात जागा शिल्लक असेल तर फुकट बसू देतात. परीक्षा नाही, गुण नाहीत. एखादा वाङ्मयाचा वर्ग बघा. इंग्रजी अडखळलं तर अडखळू द्या.

प्रश्न : कादंबरीतली नणंद वाचून माझ्या खऱ्या नणंदेने बोलणं टाकलं तर?

माझा अनुभव सांगते. लोक स्वतःला ओळखतात, पण नेहमी चांगल्या पात्रात. माझ्या एका कादंबरीत सोनं लपवणारी एक काकू आहे. ती जिच्यावरून घेतली, तिचा पुस्तक वाचून फोन आला, ‘काय गं, कुठे भेटली तुला ही बाई? अश्शा असतात काही!’ आणि त्याच पुस्तकातल्या उदार मावशीवर तिने हक्क सांगितला. मी कशाला नाही म्हणू?

तरी काळजी घ्यावी. नोकरी, गाव, आजार, मुलांची संख्या आणि घराची मांडणी बदला. दोन माणसांचं मिळून एक पात्र करा. बोलण्याची ढब मात्र ठेवा, तिच्यासाठीच तर तो माणूस घेतला. कुणी विश्वासाने सांगितलेलं गुपित असेल, मूल दत्तक असल्याचं, पहिल्या लग्नाचं, तर ते कितीही रंगतदार असलं तरी सोडून द्या. तेवढ्या एका गोष्टीत मी कडक आहे.

प्रश्न : प्रकाशक म्हणतात छपाईचा खर्च तुम्ही द्या. द्यावा का?

हे सर्रास चालतं, त्यात तुमचा अपमान नाही. फक्त पैसे देण्याआधी विचारा: प्रती किती छापणार, उरलेल्या कुणाच्या, दुकानांत कोण पोचवणार आणि विक्रीचा हिशेब वर्षातून किती वेळा देणार. उत्तरं कागदावर घ्या. छपाई फर्म्यांच्या हिशेबाने होते, एक फर्मा म्हणजे सोळा पानं. म्हणजे सव्वादोनशे पानांची कादंबरी चौदा-पंधरा फर्म्यांत बसते. कुणी भलताच आकडा सांगितला तर तिथेच कळेल.

हक्कांचं नीट वाचा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं 19 वं कलम आपल्यासारख्यांच्या उपयोगाचं आहे. हक्क लेखी आणि सहीनिशीच देता येतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि मुलूख लिहिला नसेल तर हक्क भारतापुरतेच दिले असं मानतात. म्हणून ‘कायमचे, जगभरातले, सर्व स्वरूपांतले’ अशी ओळ दिसली की पेन खाली ठेवा. आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या ओळखक्रमांकासाठी, कुणी वेगळे पैसे मागितले तर तेही देऊ नका. भारतात तो फुकट मिळतो, कॅनडातही. अमेरिकेत मात्र विकत घ्यावा लागतो.

हिशेबाच्या टेबलावर जन्म गेला माझा, म्हणून इतकं लांबलं.

प्रश्न : मला मराठी टायपिंग येत नाही.

फोनला बोलून सांगा, तो लिहितो. चुका करतो, त्या सुधारायला नात बसवा. युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही फोन-संगणकावर वाचता येतं त्या पद्धतीतच, ठेवा. प्रकाशकाकडे पुस्तक लावताना फॉन्ट बदलतात आणि तिथे अक्षरं मोडतात. शेवटच्या प्रुफात ‘तऱ्हा’, ‘कोपऱ्यात’, ‘ॲ’ आणि रफार असलेले शब्द बोट ठेवून तपासा.

प्रश्न : मेलबर्नला असतो. सयाजीरावांच्या काळातल्या बडोद्यावर कादंबरी लिहायची आहे. डिसेंबरात पंधरा दिवस येतोय. काय बघू?

लक्ष्मीविलास राजवाड्यावर एकाहून जास्त दिवस घालवू नका, तो सगळ्यांनी बघितलेला आहे. मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जा. महाराजांनी 1910 मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून ग्रंथालयांची जी व्यवस्था लावली, तिचं हे मुख्य ठाणं. आत पुस्तकांच्या मजल्यांना जाड काचेची जमीन आहे, खालच्या कपाटांपर्यंत उजेड पोचावा म्हणून. तिच्यावरून एकदा चाला. वरून चालणाऱ्याची सावली खाली बसलेल्याच्या पुस्तकावर पडते, आणि तुमचा नायक त्यांपैकी नक्की कोण हे तिथेच ठरवता येईल. त्या काळी इथून पुस्तकांच्या पेट्या भरून खेड्यापाड्यांत पाठवायचे. महाराजांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, ती पेटी भरणाऱ्या कारकुनावर लिहा.

संस्थानाचे वार्षिक कारभाराचे अहवाल आणि जनगणनेचे खंड बघा. बडोद्याची जनगणना स्वतंत्र छापली जायची आणि कुठल्या तालुक्यात कोण काय काम करून पोट भरत होतं, हे तिच्यात सापडतं. हे इंग्रजीत असल्यामुळे अडणार नाही. जुनं मराठी दप्तर मात्र मोडीत असेल. ते वाचून देणारा माणूस मेलबर्नहून निघायच्या आधीच ठरवा, नाहीतर पंधरा दिवस कागदाकडे बघण्यातच जातील.