साखरपुडा ठरलाय? आधी अंगठीचं माप

अभिनंदन! घरचे राजी झाले म्हणजे मोठं काम झालं. मानपान, आहेराची यादी सध्या बाजूला ठेवा.

सरप्राइजच्या नादात अंगठी अंदाजाने घेऊ नका, इथेच बहुतेक जण फसतात. माप संध्याकाळी द्या. सकाळच्या गारव्यात बोटं बारीक असतात. काढताना सांध्यावर किंचित अडली तर माप बरोबर. सगळीकडून खडे असलेली अंगठी नंतर मोठी करणं फार कठीण.

नारळ, खण, साखरेचा पुडा कोणी आणायचा ते आधीच बोला. नाहीतर पेढे दोन्हीकडून येतात आणि नारळ कुणाकडेच नसतो.

नोंदणी विवाह करणार असाल तर हॉलआधी नोटीस (लग्न करणार असल्याची विवाह अधिकाऱ्याला द्यायची लेखी सूचना)! १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात:
- नोटीस द्याल त्या जिल्ह्यात दोघांपैकी एकाचं त्याआधी किमान ३० दिवस वास्तव्य
- नोटिशीनंतर ३० दिवस थांबणं
- ३ साक्षीदार

नोटिशीपासून ३ महिन्यांत लग्न झालं नाही तर ती बाद, पुन्हा नवी द्यावी लागते.