डब्यातलं दाण्याचं कूट

प्रश्न : पहिलीतल्या लेकीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी निघाली. आमच्याकडे भाजीपासून खिचडीपर्यंत सगळ्यात कूट! डब्यात देऊ तरी काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, आधी मिक्सरकडे बघा. भांडं कितीही घासा, पात्याखालच्या रबरात कुटाचा भुगा राहतोच. लेकीसाठी वेगळं भांडं ठेवा. कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात मी ओलं खोबरं घालते. आमच्या घरात कुणाची तक्रार नाही. डब्याला घावन, सांजा, बिनदाण्याचे पोहे, तुपावर परतलेले मखाणे. सुटा चिवडा-फरसाण मात्र बंदच. एकाच कढईत, एकाच झाऱ्यानं सगळं तळतात. बंद पाकिटावर शेंगदाण्याचा उल्लेख २०२० च्या लेबलच्या नियमांनी सक्तीचा आहे, तो बारीक अक्षरांतला मजकूर दर वेळी वाचा. अ‍ॅलर्जी देणाऱ्या ज्या पदार्थांचा असा उल्लेख सक्तीचा आहे, त्यांच्या यादीत तिळाचं नाव नाही, हे माझ्या मते चुकलंच.

खरी पंचाईत मैत्रिणीच्या डब्याची. संक्रांतीच्या लाडवात तिळाबरोबर कूट सर्रास असतं. वर्गशिक्षिकेला भेटून सांगा, आणि डॉक्टरांनी दिलेलं तातडीचं औषध, कधी व कसं द्यायचं त्या चिठ्ठीसकट, शाळेत ठेवा.