शॅकवरची रशियन पुरेल का?

प्रश्न: ताई, माझी बारावी झाली, आता बी.कॉम. करणार आहे. मायनर (दुय्यम विषय) म्हणून ‘रशियन भाषा आणि संस्कृती’ घेता येते. आमचं घर गोव्यात मोरजीला, रूम भाड्याने देतो, सीझनभर रशियन गिऱ्हाईक असतं. बाबा म्हणतात, ‘बोलण्यापुरती येते की तुला, आणखी कशाला?’ काय करू?
– एक वाचक, मोरजी

उत्तर: घे गं. ‘गरम पाणी नाही’ आणि ‘पैसे उद्या’ एवढ्यावर सीझन निघतो, बाबांचं काही चुकत नाही. पण वर्गात तेवढ्याने भागायचं नाही.

३३ अक्षरांची लिपी तुला जड जाणार नाही, मोरजीच्या रशियन पाट्या वाचतच वाढलीस. घाम काढतात त्या सहा विभक्त्या. मॉस्को म्हणजे ‘मस्क्वा’, मॉस्कोत म्हणजे ‘व मस्क्वे’, मॉस्कोहून म्हणजे ‘इज मस्क्वी’. आणि सोबतचं विशेषणही बदलतं. आपलं गोवा मात्र कुठल्याच विभक्तीत हलत नाही, तेवढंच सुख! मी पुण्यात शिकत होते तेव्हा तीन लिंगं बघून आम्हा मराठी माध्यमवाल्यांना काहीच वाटलं नव्हतं. क्रियापदांनी मात्र सगळ्यांनाच रडवलं. नुसतं वाचत होते तर ‘चितात्’, वाचून संपवलं तर ‘प्रचितात्’, अशा जोड्या पाठ कराव्याच लागतात. रोज तासभर बसायची तयारी नसेल तर दुसरा विषय बघ.

संस्कृतीचा भाग तुला रूमवरच उपयोगी पडेल. पाहुणीला फुलं देताना विषम संख्येत द्यायची. सम संख्येतली अंत्यविधीला नेतात. शिक्षिकेला हाक मारताना नावापुढे वडिलांचं नाव जोडतात. वडील इव्हान असतील तर ‘इव्हानोव्हना’. मधलं नाव वडिलांचं लावणाऱ्या आपल्याला यात नवल ते काय! आणि रशियातल्या त्वेरच्या अफनासी निकितिनचं प्रवासवर्णन मिळवून वाच. हा व्यापारी पंधराव्या शतकात, वास्को द गामाच्याही आधी, चौलला उतरला होता.

नुसत्या मायनरवर दुभाषी होता येत नाही, म्हणून कॉमर्स नीट कर. सोबत परदेशी विद्यार्थ्यांसाठीची रशियनची टोर्फल परीक्षा दे. ती ए१ (सगळ्यात सोपी) ते सी२ (सगळ्यात अवघड) अशा पायऱ्यांची असते. तू बी१ गाठलीस तरी पुष्कळ. फॉर्म भरण्याआधी कॉलेजात दोन गोष्टी विचार: मायनर किती सेमिस्टर चालतं आणि बोलण्याचा तास वेगळा असतो का. नसेल, तर घरच्या पाहुण्यांना कामाला लाव.